रेडिंगचं घर, पुण्याचा फ्लॅट आणि सॉलिसिटरची निवड

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. रेडिंगमधलं १९३०च्या दशकातलं, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर. फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं. ४,२५,००० पौंडांची ऑफर मान्य झाली आहे. तुम्ही नवरा-बायको दोघं आयटीत, इंग्लंडमधलं हे पहिलं घर. सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, तीन ठिकाणी विचारलात. एक फर्म घर दाखवणाऱ्या इस्टेट एजंटने सुचवलेली. दुसरी ऑनलाइन, दोन मिनिटांत ५९९ पौंड अधिक व्हॅट असा आकडा देणारी. तिसरी गावातली छोटी फर्म. तिथल्या बाईंनी १,४५० पौंड अधिक व्हॅट सांगितले आणि वर वीस मिनिटं प्रश्न विचारले: भारतात काही मालमत्ता आहे का, पैसे कुणाच्या खात्यातून येणार, मागची वाढीव खोली आणि माळ्यावरची बेडरूम कधी बांधली. तुम्ही लिहिलंय, "आमच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं." तुमचे बाबा २५ लाख रुपये देणार आहेत. दसऱ्याला गृहप्रवेश करायची इच्छा आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: "ह्यांचं नाव सासऱ्यांबरोबर पुण्याच्या एका फ्लॅटवर आहे, पण तो फ्लॅट सासऱ्यांचाच."

तिसऱ्या बाईंकडे जा. त्यांनी घेतला तो संशय नव्हता, ते त्यांचं काम होतं. बाकी दोघांनी तुमच्याकडून पैसे घेण्याची तयारी दाखवली, तुमच्याबद्दल काही जाणून घेण्याची नाही. ही शेवटची ओळ तुम्ही मला लिहिलीत तशी त्या ऑनलाइन फर्मला लिहिली असतीत का? त्यांनी विचारलंच नाही, तर कशाला लिहाल. आणि ती ओळ तुम्हाला २६,२५० पौंडांना पडू शकते. तो हिशेब पुढे देते.

मी गेली १९ वर्षं इंग्लंडमध्ये कन्व्हेयन्सिंग, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम, करते आहे. त्याआधी चार वर्षं पुण्यात टायटल सर्च आणि दस्तनोंदणीची कामं केली. दोन्हीकडचा अनुभव असल्यामुळे आपल्या लोकांचा एक समज मला नेहमी दिसतो. पुण्यात वकिलाचं मुख्य काम म्हणजे मालकी शोधणं. दुय्यम निबंधकांकडचे ३० वर्षांचे व्यवहार, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, कुठे कुणाचा हक्क लपलाय का. कारण तिथे नोंदणी होते ती दस्ताची. दस्त नोंदवला म्हणून मालकी सिद्ध झाली असं होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लँड रजिस्ट्री मालकीचीच नोंद ठेवते. १ डिसेंबर १९९० पासून तर कुठेही घर विकलं गेलं की ही नोंद सक्तीची आहे, आणि नोंदीत चूक निघून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई देण्याची व्यवस्था कायद्यातच आहे. तुमच्या घराचा मालक कोण, हे कुणीही ७ पौंड भरून पाच मिनिटांत बघू शकतं.

मग सॉलिसिटरला हजार-दीड हजार पौंड कशाचे द्यायचे? प्रश्नांचे. रजिस्टर जे सांगत नाही ते विचारून काढायचे. घराबद्दल विक्रेत्याच्या सॉलिसिटरला, आणि तुमच्या परिस्थितीबद्दल तुम्हाला. जिथे प्रश्न कमी तिथे फी कमी, हे गणित बऱ्याचदा इतकं सरळ असतं.

आता तो फ्लॅट. इथला स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स, म्हणजे आपल्या मुद्रांक शुल्कासारखा कर, १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी असा: पहिल्या सव्वा लाख पौंडांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सवलत आहे. घर ५ लाखांपर्यंतचं असेल तर पहिल्या ३ लाखांवर शून्य आणि उरलेल्यावर ५ टक्के. तुमच्या घराला ही सवलत मिळाली तर कर येतो ६,२५० पौंड. तुम्ही बहुधा हाच आकडा धरून बजेट केलं असेल.

पण "पहिल्यांदा" याचा अर्थ जगात कुठेही पहिल्यांदा. रेडिंग, रत्नागिरी, कुठेही राहतं घर कधीही नावावर असेल, विकत घेतलेलं, बक्षीस मिळालेलं किंवा वारसाहक्काने आलेलं, तर सवलत नाही. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांचीही पाटी कोरी हवी. सवलत गेली की तुमचा कर ११,२५० होतो.

इथे थांबलं असतं तरी सोसलं असतं. पण ३१ ऑक्टोबर २०२४ पासून दुसरं घर घेणाऱ्याला संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार आहे, आणि "दुसरं" हेसुद्धा जगभरातलं मोजतात. खरेदी पूर्ण होते त्या दिवसाअखेर तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या मालकीचं दुसरं राहतं घर असेल आणि त्यातल्या हिश्शाची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर अधिभार लागतो. तुमच्या बाबतीत तो २१,२५०, म्हणजे एकूण ३२,५००. सवलतीच्या आकड्यात आणि या आकड्यात फरक २६,२५० पौंडांचा.

"मग घर माझ्या एकटीच्या नावावर घेऊ", हे पुढचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर आधीच देते. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला अधिभारासाठी एकच धरतात. त्यांचा फ्लॅट तुमचाही मोजला जातो. अधिभार लागला की पहिल्या घराची सवलतही आपोआप जाते.

तर करायचं काय? तीन गोष्टी तपासायच्या, आणि त्या आजच. पहिली, यजमानांच्या हिश्शाची आजची किंमत. ४०,००० पौंड म्हणजे सध्याच्या भावाने साधारण ४५ ते ५० लाख रुपये. फ्लॅट ८० लाखांचा आणि निम्मा हिस्सा त्यांचा असेल तर ते मर्यादेच्या आत असू शकतात. पुण्यातल्या एखाद्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लेखी मूल्यांकन घ्या, तोंडी अंदाज नको. दुसरी, नाव नुसतं सोयीसाठी घातलं होतं का. पैसे सगळे सासऱ्यांनी भरले, कर्ज त्यांचं, हप्ते त्यांच्या खात्यातून गेले, तर खरा मालक कोण हा मुद्दा मांडता येतो. पण तो कागदांनी मांडावा लागतो, "आमच्यात असंच असतं" एवढ्याने नाही. तिसरी, खरेदी पूर्ण होण्याआधी यजमानांनी आपला हिस्सा रीतसर, नोंदणीकृत दस्ताने सोडला तर अधिभार टळतो, मात्र पहिल्या घराची सवलत परत येत नाही. शिवाय वडिलांना हिस्सा दिला तरी इथला भांडवली नफा कर बाजारभावाने विचारला जाऊ शकतो आणि तिकडे मुद्रांक शुल्काचा प्रश्न वेगळा. म्हणून हे पाऊल कर सल्लागाराला विचारल्याशिवाय उचलू नका. बऱ्याच कन्व्हेयन्सिंग फर्म आपल्या पहिल्या पत्रातच लिहितात की कर सल्ला आमच्या कामात धरलेला नाही. तसं असेल तर दोन-तीनशे पौंड वेगळे खर्चून तो घ्या.

ज्यांना वडिलोपार्जित घरात हिस्सा आहे त्यांच्यासाठीही हेच. गावच्या वाड्यावर पाच भावंडांची नावं असतील तर ते सांगा. नुसती शेतजमीन असेल, तिच्यावर घर नसेल, तर ती राहतं घर म्हणून मोजत नाहीत, पण मोजायची की नाही हे तुम्ही घरी बसून ठरवू नका. कराच्या विवरणपत्रातली माहिती तुमची असते. चूक निघाली तर दंड आणि व्याज तुमच्यावर येतं, फॉर्म भरणाऱ्यावर नाही. आणि ज्यांना इंग्लंडमध्ये येऊन वर्षही झालं नाही त्यांनी हेही बघावं की खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस इथे भरलेत का. नसतील तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के लागतात.

आता बाबांचे २५ लाख. मनी लाँडरिंगविरोधी २०१७च्या नियमांनुसार सॉलिसिटरला पैसा आला कुठून हे विचारावंच लागतं. तुमच्या बाबांनी आयुष्यभर बँकेत नोकरी करून साठवलेल्या पैशाबद्दल परक्याने विचारावं याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मला समजतं. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी माझ्या आईलाही हेच कागद द्यावे लागले होते. पण ज्या सॉलिसिटरने आज विचारलं नाही त्याला खरेदीच्या आदल्या आठवड्यात विचारावं लागेल, आणि तेव्हा तुमच्याकडे वेळ नसेल.

बाबांची ओळखपत्रं, त्यांच्या खात्याची सहा महिन्यांची स्टेटमेंट, मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत, हे सगळं आत्ताच मागवून ठेवा. मराठीतल्या दस्तांचं इंग्रजी भाषांतर लागेल, ते प्रमाणित करून घ्या. पैसे बाबांच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यावेत. मधे काका नको, दुबईचा मामेभाऊ नको, "तू इथे पौंड दे, मी तिथे रुपये देतो" तर अजिबात नको. तो हवाला आहे. असा पैसा फाइलवर दिसला की सॉलिसिटरला काम थांबवावं लागतं आणि का थांबवलं हेही तुम्हाला सांगता येत नाही, अशी कायद्याची सक्ती त्याच्यावर असू शकते.

भारतातून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे रकमेची अडचण नाही. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या कराची आहे. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. २५ लाख पाठवायचे तर ३ लाख वेगळे हाताशी हवेत. ते बुडत नाहीत, बाबांच्या प्राप्तिकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण त्या क्षणी खात्यात असायला लागतात. गेल्या वर्षीच एका जोडप्याचे पैसे याच कारणाने नऊ दिवस अडकले होते.

आणि बाबांना स्पष्ट विचारा: ही भेट आहे ना? कर्ज देणारी बँक त्यांच्याकडून लिहून घेईल की पैसे परत नकोत आणि घरात हिस्सा नको. "लिहून देतो, पण धाकट्याच्या लग्नाच्या वेळी तेवढे परत कर", असं मनात असेल तर ती भेट नव्हे, कर्ज आहे. तसं बँकेला सांगावं लागतं. खोटं लिहून द्यायला बाबांना भाग पाडू नका. त्यांच्या पैशाचं संरक्षण हवं असेल तर ते तुमच्या दोघांमधल्या वाट्यात करता येतं. घर दोघांच्या नावावर दोन प्रकारे घेता येतं. जॉइंट टेनंट असाल तर एकाच्या पश्चात सगळं घर आपोआप दुसऱ्याचं होतं. टेनंट्स इन कॉमन असाल तर प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा असतो आणि तो मृत्युपत्राने देता येतो. "टेनंट" शब्दाने दचकू नका, इथे भाड्याचा काही संबंध नाही. बहुतेक जोडपी पहिला प्रकार न वाचता निवडतात. एका बाजूने मोठी रक्कम येत असेल तर निदान बोला तरी. मनातली भीती बोलून दाखवायची नाही म्हणून आपण गप्प बसतो आणि फॉर्मवरच्या त्या चौकोनात कुणीतरी आपल्यासाठी खूण करून टाकतं.

घराकडे वळू. सॉलिसिटर घर बघायला येत नाही, कधीच नाही. त्याच्यासमोर एक नकाशा असतो, लाल रेघेने आखलेला, आणि विक्रेत्याने भरलेले फॉर्म. घर तुम्ही पाहिलंय. म्हणून नकाशा मिळाला की तो छापून घेऊन घरी जा आणि बागेची कुंपणं, गॅरेज, बाजूचा बोळ जुळतात का बघा. मागच्या दाराची वाट शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर ते तुम्हाला दिसेल, त्यांना नाही. एका घराच्या बाबतीत ड्राइव्हवेचा एक पट्टा नकाशाबाहेर होता. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, खरेदीदाराच्या आईने नकाशा उलटा धरून बघताना विचारलं की ही गाडी मग कुणाच्या जागेत उभी आहे.

माळ्यावरच्या त्या बेडरूमबद्दल बाईंनी विचारलं ते फार बरोबर. बांधकाम परवानगी एक आणि बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. माळ्याच्या खोलीला पहिली नसली तरी बऱ्याचदा चालतं, दुसरं लागतंच, कारण ते जिना, तुळया आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट यांबद्दल असतं. प्रमाणपत्र नसेल तर विक्रेत्याकडून इन्डेम्निटी विम्याचा प्रस्ताव येईल. पन्नास-शंभर पौंडांत मिटतं, सगळे खूश. पण हा विमा नगरपालिकेने कारवाई केली तर पैसे देतो. तुळई वाकली तर देत नाही. म्हणून अशा वेळी माझा सल्ला एकच: तिसऱ्या पातळीचं, म्हणजे सगळ्यात सखोल सर्वेक्षण करा, आरआयसीएस या सर्वेअरांच्या व्यावसायिक संस्थेच्या सर्वेअरकडून, आणि त्याला माळ्याबद्दल मुद्दाम सांगा. बँकेचं मूल्यांकन म्हणजे सर्वेक्षण नव्हे. बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो, कधीकधी घरात पाऊलही न टाकता. आणखी एक, या काळात उत्साहाने नगरपालिकेला फोन करून "या घराला प्रमाणपत्र आहे का" असं विचारू नका. एकदा त्यांना कळवलं की तो विमाच मिळत नाही. आधी सॉलिसिटरला विचारा, मग फोन.

इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या विनापरवाना बांधकामावर दहा वर्षांपर्यंत कारवाई होऊ शकते. आधी ती मुदत चार वर्षं होती. तुमचा एजंट अजून "चार वर्षं झाली, आता काळजी नाही" म्हणत असेल तर वाढीव खोली नेमकी कधी पूर्ण झाली ते कागदावर मागा.

सर्च, म्हणजे घराबद्दलच्या नोंदींची चौकशी, नेहमीचेच: नगरपालिकेचा, पाणी-सांडपाण्याचा, पर्यावरणाचा. रेडिंगसाठी दोन गोष्टी मुद्दाम बघायला सांगेन. थेम्स आणि केनेट या दोन नद्यांमुळे पुराचा धोका, आणि काही भागांत जमिनीखाली असलेल्या जुन्या खडूच्या खाणी. शिवाय हे लक्षात ठेवा की नगरपालिकेचा सर्च फक्त तुमच्या घराबद्दल बोलतो. समोरच्या मोकळ्या जागेत चार मजली इमारत मंजूर झाली असेल तर त्यात येणार नाही. ते नगरपालिकेच्या नियोजनाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून तुम्हीच अर्ध्या तासात बघू शकता. चिंता वाटेल असं काही दिसलं तर सॉलिसिटरला दुवा पाठवा.

निवडीच्या बाकी बाबी लवकर सांगते. फर्म एसआरएच्या (सॉलिसिटरांची नियामक संस्था) नोंदीत आहे का, किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त मालमत्तेच्या व्यवहारांचा परवाना असलेला, असेल तर सीएलसी या त्यांच्या नियामक संस्थेच्या, हे संकेतस्थळावर नाव टाकून बघा. दोन्ही प्रकारचे लोक हे काम चांगलं करतात, पदवीवरून भेद करू नका. तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, ती फर्म आहे का हे पहिल्याच फोनवर विचारा. नसेल तर बँक दुसरा सॉलिसिटर नेमेल आणि त्याचे पैसे तुम्हीच द्याल. माझी फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार, ती व्यक्ती रजेवर गेली तर कोण, आणि त्यांच्या हातात आत्ता किती फाइली आहेत, हेही विचारा. शंभराच्या वर आकडा ऐकला तर मी स्वतः तिथे जाणार नाही.

एजंटने सुचवलेली फर्म वाईटच असते असं नाही. पण एजंटला बहुतेकदा तिच्याकडून रेफरल फी मिळते. ती किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. "आमचा सॉलिसिटर घेतला नाही तर ऑफर पुढे जाणार नाही" असं कुणी सुचवलं तर ते कायद्याला धरून नाही, आणि मला तो इशारा वाटतो. नवीन बांधकाम घेणाऱ्यांनी तर डेव्हलपरने सुचवलेल्या फर्मपासून चार पावलं लांब राहावं. पुण्यात बिल्डरच्याच वकिलाकडून करारनामा वाचून घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

५९९चा आकडा पूर्ण लिहून मागवा. भेट मिळालेल्या रकमेसाठी वेगळी फी, बँकेच्या कर्जासाठी वेगळी, कर विवरणपत्रासाठी वेगळी, पैसे पाठवायची वेगळी, ओळख तपासणीची माणशी वेगळी. तुमच्या परिस्थितीत ते सहज अकराशे-बाराशेपर्यंत जाईल. फी संकेतस्थळावर जाहीर करणं एसआरएने डिसेंबर २०१८ पासून बंधनकारक केलंय, तेव्हा तिघांचेही तक्ते समोर ठेवून ताडून बघा. मराठी बोलणारा सॉलिसिटर शोधू का, असंही तुम्ही विचारलंय. भाषेची गरज नाही. भारतातले कागद पाहून न गोंधळणारा माणूस हवा, तो कुठल्याही भाषेचा चालेल. मंडळात कुणाचा तरी भाचा आहे म्हणून मात्र काम देऊ नका, कारण उशीर झाला तर तुम्हाला त्याला बोलता येणार नाही.

काम सुरू झालं की रोज फोन करू नका. प्रश्न एका मेलमध्ये, क्रमांक घालून, आठवड्यातून एकदा. त्यांनी मागितलेलं मात्र त्याच दिवशी द्या. साधारण बारा ते सोळा आठवडे धरा. पुढे-मागे आणखी घरांच्या खरेदी-विक्रीची साखळी असेल तर जास्त. शेवटी ते टायटलचा अहवाल पाठवतात, वीस-तीस पानांचा. तो वाचा, दोघांनीही. १९३०च्या घरांच्या नोंदीत जुन्या अटी हमखास असतात: अमुकच्या परवानगीशिवाय वाढीव बांधकाम नको, घरात व्यवसाय नको. शनिवारी घरी मुलांना गाणं शिकवायचा तुमचा बेत असेल तर ती ओळ तुमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि तो बेत तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

करारांची अदलाबदल, म्हणजे एक्सचेंज, होईपर्यंत इथे काहीच पक्कं नसतं. विक्रेता जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, तुम्हीही माघार घेऊ शकता. पुण्यातल्या टोकन आणि विसारपावतीची सवय असलेल्यांना हे फार टोचतं. एक्सचेंजला साधारण १० टक्के, तुमचे ४२,५०० पौंड जातात, आणि मग माघार घेतली तर ते गेले. म्हणून भाड्याच्या घराची नोटीस, सामानाची गाडी, मुलाची शाळा, सगळं एक्सचेंजनंतर. घराचा विमा मात्र एक्सचेंजच्या दिवसापासून सुरू करा, कारण बहुतेक करारांत त्या क्षणापासून जोखीम खरेदीदाराची असते.

पैसे पाठवण्याबद्दल मी प्रत्येकाला सांगते आणि तरी दर वर्षी कुणीतरी फसल्याचं ऐकते. सॉलिसिटरच्या नावाने मेल येतो, "आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा." तो मेल हुबेहूब असतो, फाइल क्रमांकासकट, कारण चोर आठवडाभर तुमचे मेल वाचत बसलेला असतो. पहिल्या दिवशी कागदावर मिळालेल्या खात्याच्या तपशिलाखेरीज कुठेही पैसे पाठवू नका, आणि पाठवण्याआधी त्या पहिल्या पत्रातल्याच क्रमांकावर फोन करून आकडे वाचून घ्या. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही. तुमच्या बँकेची रोजची मर्यादाही आधी बघून ठेवा.

हस्तांतराच्या दस्तावर सही करताना साक्षीदार समोर हवा, आणि तो नात्यातला नको. सही केलेला कागद शेजाऱ्याकडे नंतर नेऊन "इथे सही करा" हे चालत नाही. त्या काळात भारतात जाणार असाल तर तारखा पहिल्याच मेलमध्ये कळवा.

नावांचं बघा. आपल्याकडे लग्नानंतर काही कागदांवर नाव बदलतं, काहींवर नाही. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. पासपोर्ट, बँक आणि बाबांचं भेटीचं पत्र यांत तुमचं नाव तीन प्रकारे असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र आत्ताच फाइलवर देऊन ठेवा. खरेदीनंतर १४ दिवसांत कराचं विवरणपत्र जातं, मग लँड रजिस्ट्रीत नोंद. तिला कधी काही महिने लागतात, त्याने घाबरू नका. आपल्याकडच्यासारखं शिक्क्यांचं मूळ खरेदीखत हातात मिळत नाही, रजिस्टरची प्रत मिळते. ती आली की नावांचं स्पेलिंग अक्षर अक्षर तपासा. आणि लँड रजिस्ट्रीची मोफत प्रॉपर्टी अलर्ट सेवा लावून ठेवा. तुमच्या घराच्या नोंदीत कुणी काही बदलायला गेलं तर मेल येतो.

राहिला दसरा. ताब्याचा दिवस सगळ्या साखळीने मिळून ठरवायचा असतो आणि तो बँका सुरू असलेल्या कामाच्या दिवशीच होतो. दसरा शनिवार-रविवारी आला तर त्या दिवशी किल्ल्या मिळणार नाहीत. शिवाय नवरात्राच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. तुम्हाला त्यात ताबा नको असेल तर ते बाईंना पहिल्याच फोनवर सांगा. त्या "अमुक ते अमुक तारीख नको" एवढंच समोरच्यांना कळवतील, कारण विचारणार नाहीत. एक्सचेंजच्या आदल्या दिवशी सांगितलंत तर चार कुटुंबांची ठरलेली तारीख मोडावी लागेल. मी माझ्या लोकांना असं सुचवते: ताबा पितृपक्षाच्या आधी किंवा नवरात्रात मिळेल तेव्हा घ्या, किल्ल्या देवाजवळ ठेवा, आणि कलश, तोरण, पहिलं दूध उतू घालणं दसऱ्याला करा. त्यासाठी भाड्याच्या घराचा एक महिना जास्तीचा धरावा लागेल. उद्या बाईंना फोन कराल तेव्हा ही तारीख, बाबांचे पैसे आणि पुण्याच्या फ्लॅटचा इंडेक्स टू, या तिन्ही गोष्टी त्यांनी पुन्हा विचारायची वाट न बघता सांगून टाका.